वय ३८, वावर तीन एकर: मला मृत्युपत्राची काय गरज?

आर्णी तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे. वय ३८, घरी बायको, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा. वडिलांच्या नावावर बारा एकर, आणि मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून साठवलेल्या पैशातून २०१६ साली स्वतः घेतलेलं तीन एकर वावर. एका लग्नात मृत्युपत्राचा विषय निघाला तर वडील भडकले, "मी मरायची वाट पाहून राहिले का तुम्ही?" भावाचा प्रश्न असा: हे काम म्हाताऱ्यांचं की आपलंही? वडिलांशी बोलायचं कसं? आणि नाहीच केलं तर काय बिघडतं, शेवटी सगळं बायकोपोरांनाच मिळणार ना?

भाऊ, सगळी गोम त्या शेवटच्या वाक्यात आहे. तालुक्याच्या कोर्टात मला सव्वीस वर्षं झाली. जमिनीच्या वादाची फाइल उघडली की त्यात कुठेतरी हे वाक्य सापडतंच: "वाटलं, घरच्यांनाच मिळणार."

तुमच्या तीन एकरांचाच हिशेब करू. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर वाटणी थांबत नाही. ती १९५६ चा हिंदू वारसा कायदा करतो. (बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच कायदा लागतो.) पहिल्या वर्गातले तुमचे वारस कोण? बायको, मुलगी, मुलगा आणि तुमची आई. चौघांना सारखा हिस्सा. वडील त्या वर्गात नाहीत, हे ऐकून लोक माझ्याकडेच संशयाने बघतात, पण कायदा तसाच आहे. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, प्रत्येकाला ३० गुंठे.

आता पटवाऱ्याकडे वारस नोंद होते. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आपल्याकडे पटवारीच म्हणतात. सातबाऱ्यावर चार नावं चढतात. त्यातली दोन नावं लहान मुलांची, म्हणून त्यांच्यापुढे "अ.पा.क. आई", म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. लोकांना वाटतं, आईचं नाव लागलं म्हणजे आईच्या हातात आलं. तसं नसतं. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी किंवा कुणाच्या दवाखान्यासाठी एखादा एकर विकायची वेळ आली, तर मुलांच्या हिश्शासाठी वहिनींना जिल्हा न्यायालयाची आगाऊ परवानगी घ्यावी लागेल. परवानगी न घेता विकलं तर मुलं सज्ञान झाल्यावर तो व्यवहार मोडायला कोर्टात येऊ शकतात. हे माहीत असलेला घेणारा मग भाव पाडूनच मागतो. सोसायटीचं पीककर्ज घ्यायचं तर सगळ्या खातेदारांच्या सह्या, आणि अज्ञानाच्या हिश्शावर बोजा कसा चढवायचा म्हणून सचिव डोकं खाजवणार.

आणि आईचे ३० गुंठे? आज आई तुमच्याच घरी जेवते, तिला जमीन नको, नातवंडं हवीत. पण ती गेली की तिच्या ३० गुंठ्यांत तुमची मुलं तर येतातच, वडील आणि तुमचे भाऊ-बहिणीही येतात. ज्या वावराची रजिस्ट्री तुम्ही दुकानाच्या पैशातून केली, त्यात तुमचा भाऊ वाटेकरी होतो. यात कुणी बेइमानी केलेली नाही, प्रत्येक पायरी कायदेशीर आहे.

हेच टाळायला एक पान पुरतं: "माझ्या कष्टाच्या मिळकतीतून घेतलेली गट नंबर अमुकची शेती माझ्या पश्चात माझ्या पत्नीला पूर्ण मालकी हक्काने मिळावी." एवढं लिहिलं तर अ.पा.क. नाही, परवानगी नाही, आणि पुढे भावाचा हिस्साही नाही. आईला मात्र कोरं सोडू नका. मी असं लिहून देतो: आईला हयातभर राहायला घर, आणि दरसाल इतके पोते गहू, इतकी तूर आणि दवाखान्याचा खर्च, हे सगळं वावर ज्याला मिळेल त्याने द्यायचं. खेड्यात पोत्याचा आकडा लिहिलेला बरा. "योग्य सांभाळ करावा" या शब्दांवरून भांडणं होतात, दोन पोत्यांवरून होत नाहीत.

एक सवय मात्र सोडा. कुणी सुचवेल, "बायकोला हयातीपुरतं, तिच्यानंतर मुलाला." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण वारसा कायद्याच्या १४ व्या कलमावरून, अशी बाई पूर्ण मालक झाली की हयातीपुरतीच मालक, यावर पिढ्यान् पिढ्या खटले चालले आहेत. बायकोवर विश्वास असेल तर पूर्ण द्या, नसेल तर मुलांना द्या. अर्धवट देऊ नका.

तुमचा आणखी एक कच्चा दुवा मला दिसतो. वावर २०१६ चं, पण तेव्हा घर एकत्र होतं का? मग उद्या भाऊ म्हणेल, "दुकान नावापुरतं, पैसा घरच्या कापसाचा होता, वावर एकत्र कुटुंबाचंच." कोर्टात हा बचाव रोज येतो. म्हणून पैसा कुठून आला ते मृत्युपत्रात दोन ओळींत लिहा, आणि त्या काळातली बँकेची पानं, दुकानाच्या पावत्या खरेदीखतासोबत बांधून ठेवा.

आता वडिलांचे बारा एकर. ते सगळे बारा एकर लिहून देऊ शकतात का? सातबाऱ्यावर त्यांचं एकट्याचं नाव आहे म्हणून ते पूर्ण मालक ठरत नाहीत. नावापुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असं दिसत असेल तर ते सगळ्यांच्या वतीने लागलेलं नाव आहे. उलटं असंही नाही की बापाकडून आलेली प्रत्येक जमीन कायद्याच्या अर्थाने वडिलोपार्जितच असते. आजोबांनी ती कधी घेतली, ते कधी वारले, घरात वाटणी झाली होती का, यावर सगळं फिरतं. त्यासाठी १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि तेव्हापासूनचे सगळे फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. माझा अर्धा वेळ हेच पिवळे कागद वाचण्यात जातो, आणि खरं सांगायचं तर कामातला सगळ्यात मजेचा भाग तोच.

जमीन एकत्र कुटुंबाची निघाली तर वडिलांना मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. उरलेल्यात मुलीही जन्मानेच हिस्सेदार आहेत. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने ते ठरलं, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलं. "तिच्या लग्नात खर्च केला" हे कायद्यात उत्तर नाही. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर ते हक्कसोडपत्र नोंदवलेलं हवं. राखीच्या दिवशी साध्या कागदावर घेतलेली सही टिकत नाही.

वडिलांशी बोलायचं कसं, हे विचारलंत. बोलूच नका. आधी स्वतःचं करा. पाचेक वर्षांपूर्वी असाच एक चाळिशीतला गडी आला. त्याने स्वतःचं मृत्युपत्र केलं आणि घरी बापाला सहज सांगितलं. बाप आधी म्हणाला, "तू कायले करतं कागद? तुले काय झालं?" तीन महिन्यांनी, तूर निघाल्यावर, तोच म्हातारा पिशवीत कागदं घेऊन माझ्या टेबलाशी. बसला, पाणी प्याला, आणि पहिला प्रश्न: "वकील साहेब, पोट्ट्याच्या कागदात माह्या बुढीचं नाव हाये का नाही, ते सांगा पहिले." मी म्हटलं, ते त्यालाच विचारा, मला सांगता येत नाही. हसला, आणि पिशवी उलटी केली.

मृत्युपत्र करायला लागतं किती, तर फार थोडं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वय १८ पूर्ण आणि डोकं ठिकाणावर, एवढं पुरे. साधा कागद चालतो. मुद्रांक नाही, नोटरीची सक्ती नाही, मुंबईसारखं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, विदर्भात कधीच सक्तीचं नव्हतं. लागतात ते दोन साक्षीदार. करणाऱ्याने सही किंवा अंगठा केलेला त्या दोघांनी पाहिलेला हवा, किंवा "ही माझीच सही" असं त्याने त्यांना स्वतः सांगितलेलं हवं. आणि त्या दोघांनीही त्याच्या समोरच सही करायची. ज्याला मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या बायकोने साक्षीदार होऊ नये.

साक्षीदारांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली ती सांगतो. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात एका म्हाताऱ्याचं मृत्युपत्र लिहिलं. गावातले मानाचे दोन माणसं साक्षीला घेतले, दोघेही सत्तरीपार. मला वाटलं, केवढं वजन आलं कागदाला! म्हातारा चौदा वर्षं जगला, आणि तोवर दोन्ही साक्षीदार त्याच्या आधी गेले. मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार कोर्टात यावा लागतो. कुणीच नसेल तर मेलेल्या माणसाचं अक्षर ओळखणारा शोधा, जुन्या सह्या जमवा, आणि समोरचा वकील प्रत्येक सहीवर बोट ठेवणार. त्या घराची चार वर्षं त्यात गेली. तेव्हापासून मी साक्षीदाराचं वय आधी विचारतो. तिशीतला शिक्षक, दवाखान्यातला औषधवाला, सोसायटीचा सचिव, असे लोक बघा. पुढे बदली होऊन गेले तरी सापडतात.

मागच्या दिवाळीनंतर एका आजींचं मृत्युपत्र त्यांच्या अंगणातच केलं. समोर ओट्यावर कापसाचा ढीग, त्यावर पोरं लोळत होती. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासून दाखला दिला की बाई शुद्धीवर आहेत, विचारलेलं समजतं. मी पूर्ण कागद दोनदा मोठ्याने वाचला, कारण त्यांना वाचता येत नाही, आणि तसं शेवटी लिहिलंही. मग अंगठा. चाळीस वर्षं कापूस वेचून, निंदण करून बोटाच्या रेषा झिजलेल्या. पहिला ठसा नुसता निळा डाग, दुसरा तसाच. गरम पाण्याने अंगठा धुवून, पुसून तिसऱ्यांदा केला तेव्हा रेषा उमटल्या. तेवढ्यात लक्षात आलं की दुसरा साक्षीदार फोन आला म्हणून फाटकाबाहेर गेला होता, ठसा उठताना तो नव्हता. त्याला आत बोलावलं, आजींना म्हटलं, यांना सांगा. आजी बोट दाखवून म्हणाल्या, "हा माहाच अंगठा हाये बापा, मीनंच केला." मग त्याने त्यांच्यासमोर सही केली. ही दोन मिनिटं चुकली असती तर दहा वर्षांनी उलटतपासणीत त्याच फोनवर सगळं मृत्युपत्र आडवं झालं असतं.

लिहायचं काय, यात लोक शेत लिहितात आणि शेतातलं विसरतात. गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा हे सगळे लिहितात. पण विहीर कोणत्या तुकड्यात आहे? दोन भावांत वावर वाटलं आणि विहीर एकाच्या धुऱ्याआत राहिली, तर दुसऱ्याच्या संत्र्याला पाणी कोण देणार? पाण्याची पाळी लिहा: कोणता दिवस कुणाचा, मोटारीचं मीटर कुणाच्या नावे, बिल कसं वाटायचं. मागच्या तुकड्यात बंडी, ट्रॅक्टर जायचा रस्ता कुठून, तो किती फूट, हेही लिहा. बारा एकरांवरून न भांडणारे भाऊ आठ फुटांच्या वाटेवरून फौजदारीत आलेले मी पाहिलेत. बैलजोडी, ढोरं, सोनं, ठेवी, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: "यात न लिहिलेली माझी जी काही मिळकत असेल ती अमुकला." ती ओळ राहिली तर नंतर घेतलेल्या प्लॉटचं पुन्हा कायद्याने वाटप होतं. कर्ज मात्र मृत्युपत्राने बुडत नाही. आधी देणं फिटतं, मग वाटतं. पण मिळालेल्या मालमत्तेपलीकडे वारसाला स्वतःच्या खिशातून ते फेडावं लागत नाही.

बायकांनी मृत्युपत्र केलंच पाहिजे, हे मी जरा जोराने सांगतो. हिंदू बाईला मूलबाळ नसेल, नवराही गेलेला असेल, तर तिची कमाई तिच्या माहेरी जात नाही, नवऱ्याच्या वारसांना जाते. सासरने घराबाहेर काढलेल्या, माहेरी राहून शिकून नोकरी केलेल्या बाईच्या पैशाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाला २००९ साली, ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात, हाच निकाल द्यावा लागला. माझ्या ओळखीची एक बाई तिशीत विधवा झाली, अंगणवाडीत काम करून तिने तालुक्याला प्लॉट घेतला. शेवटची सहा वर्षं भाची तिचं सगळं करत होती. प्लॉट गेला दिराला, जो मयतीला तेवढा आला. भाची माझ्याकडे आली तेव्हा माझ्याजवळ सांगायला काहीच नव्हतं. वहिनींचंही मृत्युपत्र तुमच्यासोबतच करा.

नॉमिनीबद्दल थोडक्यात: बँकेतला नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, पण त्याने हे बदललं नाही. विम्यात आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर पैसा त्यांचाच समजतात.

मृत्युपत्र सगळीकडे चालत नाही. मुस्लिम कुटुंबात साधारणपणे एक तृतीयांशापलीकडे आणि वारसांपैकी कुणा एकाला जास्त द्यायचं तर बाकी वारसांची संमती लागते. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागू नाही, आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महसूल कायद्याचं बंधन आहे. वनहक्काचा पट्टा वारसांना जातो, पण दुसऱ्या कुणाला देता येत नाही, आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी), भूदान, सीलिंगची जमीन असेल तर लिहिण्याआधी कागद दाखवा.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची फी अगदी किरकोळ. दुय्यम निबंधकासमोर फोटो, अंगठा होतो, आणि "हा माणूस तेव्हा उठूबसू शकत नव्हता" या आरोपाची हवा जाते. आजारी असेल तर अधिकारी घरी येऊ शकतो. पण नोंदवलेलं मृत्युपत्रही आव्हानापलीकडे नसतं. न्यायालयं संशयास्पद परिस्थिती बघतात: ज्याला सगळं मिळालं त्यानेच वकील आणला का, त्याच्याच गाडीतून म्हातारा नेला का, बाकीच्यांना का वगळलं याचं कारण कागदात आहे का. म्हणून एखाद्या मुलाला कमी देत असाल तर कारण लिहा, शिव्या न देता. आणि बदल केव्हाही करता येतो, शेवटचं मृत्युपत्र खरं. बक्षीसपत्रात हे नाही: ते दिलं की त्याच दिवशी हातातून गेलं. पोरांच्या आग्रहाने जिवंतपणी बक्षीसपत्र करून नंतर चहासाठी सुनेकडे बघणारे म्हातारे मला दर महिन्याला भेटतात.

मृत्यूनंतर तीन महिन्यांत पटवाऱ्याकडे मृत्युपत्राची प्रत आणि मृत्यूचा दाखला देऊन फेरफार टाकायचा. कुणी हरकत घेतली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, तिथे न जमलं तर दिवाणी कोर्ट. नोंद न केल्यामुळे काय होतं ते २०२५ ची जिवंत सातबारा मोहीम बघून कळतं. मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली, एप्रिलपासून राज्यभर गेली, कारण गावोगाव सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं होती आणि जिवंतांना त्यावर ना कर्ज मिळत होतं ना योजना.

तुम्ही या. मंगळवारी बाजार असतो, कोर्टात गर्दी, तो दिवस सोडून. येताना ८-अ, दोन्ही सातबारे, २०१६ चं खरेदीखत, दुकानाचं बँक पासबुक, विहिरीच्या मीटरचं बिल आणि आधार कार्डं आणा. दोन साक्षीदार तुमच्या वयाचे किंवा लहान बघा, तुमचा सख्खा भाऊ नको. वहिनींना सोबत आणा. विहिरीचं पाणी कुणाला कोणत्या दिवशी जातं, हे बहुतेक तुमच्यापेक्षा त्यांना जास्त नीट माहीत असेल.